शाळेचं घड्याळ नेलं तेव्हा

अप्पा,

माझी पहिली शाळा म्हणजे लातूरचं आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापायची आणि तुम्ही पेपरातला एकेक शब्द मला समजावायचात. 'अनुशेष' काही केल्या कळेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रेणापूरकडं आमच्या गावच्या शाळेत घड्याळ होतं. मुंबईचा साहेब दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला, ते आणलंच न्हाई. तवा पावणेचार वाजले होते. आपलं असं जे राहून गेलं, तो अनुशेष." मी रडायला लागले. आई म्हणाली, "काय बी सांगायलेत पोरीला!" मग तुम्हीच हसलात. "अगं, घड्याळ कुठलं? शाळेला भिंत तरी होती का? लिंबाखाली भरायची."

ते हसणं मी लिहिलं नाही. वेगळं मराठवाडा राज्य मागणाऱ्या पक्षाची पत्रकं मी आता लिहिते. पाणी, रेल्वे, नोकऱ्या यांची पानं कोणी वाचेना, म्हणून त्यात घड्याळाची गोष्ट घातली. पावणेचारची वेळ मात्र घातली नाही. तेवढा संकोच केला.

परवा तुमच्या गावात सभा होती. पत्रक वाचून झालं आणि एक म्हातारी उठली. "म्या व्हते तिथं. पावणेचार वाजले व्हते. साहेबानं घड्याळ काखेत धरलं, अन् ते काखेतबी चालूच व्हतं." सभा संपल्यावर मी तिला गाठलं. "मावशी, शाळा तर लिंबाखाली भरायची ना?"

तिनं उलट मलाच विचारलं, "तू कोणाची गं?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"मग तुला ठावं न्हाई व्हय? तुझा बाप तर साहेबाच्या मागं पळत गेलता."

तिथं आता पक्की शाळा आहे, तुम्ही वारल्यानंतर बांधलेली. त्याच दिवशी कार्यकर्त्यांनी मला तिथल्या वर्गात नेलं. भिंतीत एक रिकामा खिळा आहे. त्याला झेंडूचा ताजा हार, खाली हळदीकुंकू. "ताई, इथंच होतं घड्याळ." ते हळू आवाजात बोलत होते, चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. मीही काढल्या.

माझ्या पर्समध्ये पक्षाला द्यायचा कागद होता: गोष्ट रचलेली आहे, पत्रक मागे घ्यावं. दुसऱ्या दिवशी नांदेडला ते नव्यानं छापायला जाणार होतं. तेवढ्यात एकानं विचारलं, "तुमचे वडील पळत गेले म्हणे. कुठवर?"

पत्रक छापून आलं. तो कागद अजून पर्समध्येच आहे. हे पत्रही त्याच्याशेजारीच राहील.

"फाट्यापर्यंत," मी म्हणाले होते. आणि अप्पा, म्हणताना खोटं बोलतेय असं वाटलं नाही.