पडद्यावर दिसलेला पेंढा

अंधेरी,
९ डिसेंबर १९७३

प्रिय चंदर,

अंधेरीहून वेसाव्याला यायला बसने पंधरा मिनिटं लागतात आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवतोय. राग येईल तुला, येऊ दे. फेब्रुवारीत तुला इस्पितळात भेटलो, त्यानंतर एकदाही तुझ्या दारात आलो नाही. ऑफिसात काम वाढलंय असं मथुरावहिनींना दोनदा सांगितलं. ते खोटं होतं. सरकारी ऑफिसात काम वाढलेलं कुणी कधी पाहिलंय? हे पत्र तू एकट्यानं वाच. चौथीपर्यंतचं वाचन तेवढं पुरेल. वहिनींकडून वाचून घेऊ नकोस.

तुझी आई आमच्या दारात मासळीची पाटी उतरवायची, तेव्हा तू तिच्या मागे उभा राहून माझ्या वहीत चिकटवलेली नटांची चित्रं बघायचास. आपली मैत्री तिथली. पुढे चौसष्ट साली तुमच्या किनाऱ्यावर ‘चाबूकवाला’चं शूटिंग आलं. हिरो डोलकाठीवर निम्मा चढला आणि त्याला घेरी आली. तू खाली जाळं दुरुस्त करत बसला होतास. त्यांनी त्याचा काळा मुखवटा तुला बांधला आणि तू सरळ समुद्रात उडी घेतलीस. थिएटरात त्या उडीवर लोक हिरोच्या नावानं शिट्ट्या मारत होते. कोपरं अंगाशी दाबून आणि गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात जाणारा तो माणूस कोण, हे तिथे मला एकट्याला ठाऊक होतं. एवढा अभिमान मला माझ्या लग्नातसुद्धा वाटला नाही.

दुसरा भाग चांगला होता. तिसरा चालून गेला. चौथ्यापासून वाट लागली ती लागलीच. हिरोचं पोट पट्ट्यावरून खाली उतरलं, त्याला पाठीवर घेणाऱ्या घोड्याची दया यायची. दुसऱ्या भागात जळालेला पूल पाचव्यात पुन्हा जळाला, वरून पळणारी माणसंही तीच. माझ्या शेजारच्या टेबलावरचा गुणाजी म्हणाला, आता तो पूल सवयीनं स्वतःच पेट घेत असेल. आम्ही शिव्या देत होतो आणि नवा भाग लागला की पहिल्या खेळाला रांगेत उभे राहत होतो. सगळ्यांत मोठं दुःख उड्यांचं होतं. तुला बोलावणं बंद करून ते कड्यावरून भुसा भरलेला बाहुला फेकायचे, आणि पडता पडता त्याची मान पाठीकडे फिरायची. तुझा जीव होडीवर लागत नव्हता. तू म्हणालास, मधू, तू शिकलेला आहेस, काहीतरी लिही. मी सिनेमाच्या साप्ताहिकाला बारा नावांनी बारा कार्डं लिहिली. काही उजव्या हातानं, काही डाव्या, दोन बायकोकडून लिहून घेतली. बाहुला नको, खरा माणूस हवा. ती छापून आली आणि कंपनीनं तुला परत बोलावलं. त्या दिवशी तू आमच्याकडे एवढं मोठं पापलेट घेऊन आलास की आमच्या पातेल्यात मावेना.

सहाव्या भागात आरे कॉलनीतल्या त्या खडकावरून तू घेतलेली उडी बघताना माझे डोळे भरून आले. तो सिनेमा मी चार वेळा पाहिला. पहिल्यांदा नुसता तू दिसलास. चौथ्यांदा मला भलतंच दिसायला लागलं. चाहत्यांची जात अशीच असते रे, आधी जीव ओवाळून टाकायचा आणि मग उणं काढत बसायचं.

इस्पितळात तू मला सगळी हकीकत सांगितलीस. पाठीचं हाड गेलं होतं, तरी तू हसत सांगत होतास. सातव्या भागाला तोच खडक घेतला, कारण नवा शोधायचाही कंपनीला कंटाळा. डायरेक्टरच्या हातात साप्ताहिकाचं कात्रण होतं. कुणा प्रेक्षकानं लिहिलं होतं की उडी झकास आहे, पण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली अंथरलेला पेंढा दिसतो. पेंढ्यावर पडायला चाबूकवाला कशाला हवा, गोठ्यातली वासरंसुद्धा पडतील. डायरेक्टरनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, सगळे हसले, तूही हसलास. मग त्यांनी पेंढा निम्मा केला, खडकाच्या बुडाशी झुडपामागे ओढला, आणि तुला उडी आखडती घ्यायला सांगितलं. मी विचारलं, त्या लिहिणाऱ्याचा राग नाही येत? तू पंख्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, “खोटा काय बोलला तो? पेंढा दिसतच होता. माजाच अंदाज चुकला, मधू.” मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली आणि भेटीची वेळ संपायच्या आधीच निघून आलो.

दिवाळीत सातवा भाग लागला. तुझी उडी त्यांनी ठेवलीय. तू जमिनीला टेकायच्या आत चित्र तुटतं आणि पुढच्या चित्रात हिरो कपडे झटकत उभा राहतो. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. गुणाजी माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, पहिल्यानंतर हाच खरा. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. पण त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो, एकटा, फक्त त्या उडीसाठी. का ते सांगतो.

गेल्या रविवारी मथुरावहिनी बाजार आटोपून तशाच माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पिशवीतून बारा कोरी कार्डं काढली. आठव्या भागात कंपनी पुन्हा बाहुला फेकणार आहे. तुझा धाकटा भाऊ धर्मा आता तयार झालाय. तेव्हा मधूला म्हणावं, मागच्यासारखंच लिही, असा तुझा निरोप. मी कार्डं ठेवून घेतली, लिहितो म्हणालो, वहिनींना चहा दिला. आज आठ दिवस ती टेबलावर पडून आहेत. मी ती लिहिणार नाही, चंदर. कात्रणातला तो प्रेक्षक मी होतो. अंधेरीची बारा नावं वापरून झाली होती म्हणून खाली ‘एक चाहता, कांदिवली’ लिहिलं. वासरांचा विनोद सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. मी लिहिलं नाही म्हणून धर्मा घरी बसेल असं मला वाटत नाही. उद्या दुसरा कुणी लिहील, माझ्यापेक्षा चांगलं लिहील. माफी मागायला तोंड नाही, आणि तू ती देऊन टाकशील याचीच भीती वाटते. पण तू दहा महिने अंथरुणावर पडून स्वतःचा अंदाज तपासत बसला आहेस, तेवढं तरी थांबव. मी दोन्ही भाग नीट पाहिलेत. खाली ती भेग पडलेली शिळा आहे ना, सहाव्यात तू तिच्या उजव्या अंगाला पडलास आणि सातव्यातही तिथेच येत होतास. नऊ वर्षं अंगात बसलेली उडी एका दिवसात आखडती होत नसते. तू तुझ्या जागीच पडलास. पेंढा मी हलवला.

आजवर स्वतःला तुझाच म्हणवत आलेला,
मधुकर