ज्या रविवारी उपदेश बदलला

१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमांगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, एवढ्यासाठीच मी प्रभूचे आभार मानतो. हात थोडा कापतो आता, तेव्हा अक्षर लागलं नाही तर सुयशला वाचायला सांग. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही. मी बरा आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. पाळकांच्या घरातून बाहेर पडून मला सहा वर्षं झाली, आता चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. मंडळीला निकेश नावाचे तरुण पाळक मिळाले आहेत. ते छोटा उपदेश करतात, आणि लोक जागे राहतात. माझ्या वेळी मार्थाबाईंना हटकून डुलकी लागायची, ते तुला आठवत असेल.

तो रविवार तू विसरली नसशील. पण माझ्या बाजूने तो कसा घडला, हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. त्या आठवड्यात माझा उपदेश तयार होता. हरवलेल्या मुलाचा दाखला घेतला होता. बाप दुरूनच मुलाला पाहतो आणि त्याने क्षमा मागायच्या आधीच धावत सुटतो, त्या धावण्यावर मी चार पानं लिहिली होती. शनिवारी संध्याकाळी तू स्वयंपाकघरात भाकऱ्यांचं पीठ मळत होतीस. तू मान खाली घालूनच सांगितलंस की, माणगावच्या शाळेत तुझ्याबरोबर शिकवणारा दिवेआगरचा सुयश तुला आवडतो, तुम्ही लग्न करायचं ठरवलं आहे, आणि मी एकदा त्याला भेटावं. तू कुणाचा धर्म बदलायचं बोलली नव्हतीस, त्याच्याही नाही, तुझ्याही नाही. फक्त भेटा, म्हणालीस. मी हात धुतले, खोलीत गेलो आणि ती चार पानं फाडली.

सकाळी मी जुवाचा उतारा वाचला. दोन वेगळ्या जनावरांना एका जुवाखाली जुंपू नये, हे सांगता सांगता मी देवाच्या सेवकांच्या घरांवर आलो, तिथल्या मुलींवर आलो, शाळेच्या नोकरीवर आलो. तुझं नाव घेतलं नाही, एवढ्यावर मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत काढली. पण सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या होत्या. तू उठली नाहीस. शेवटच्या आशीर्वादापर्यंत ताठ बसलीस, स्तोत्राच्या वेळी उभी राहिलीस, ओठही हलवलेस. बुधवारी तू घर सोडलंस. मला तेव्हा वाटलं की मी सत्यासाठी किंमत मोजली. खरं काय झालं होतं ते आज लिहितो. तू तुझ्या पप्पांना विश्वासाने एक गोष्ट सांगितली होतीस, आणि उत्तर पाळकाने दिलं, तेही सगळ्या गावासमोर.

तुझी आई त्यानंतर दर दोन महिन्यांनी माणगावला दातांच्या डॉक्टरकडे जायला लागली. परत येताना तिच्या पिशवीत कधी पोह्याचे पापड असायचे, कधी ओल्या सुपाऱ्या. कुठला डॉक्टर पेशंटला सुपाऱ्या देतो, हे मी कधी विचारलं नाही. मला कळत होतं. ती जाते याचं मला बरंही वाटायचं, पण बरोबर येतो म्हणायला तोंड उघडलं नाही. मृणाल जन्मली त्या महिन्यात ती लागोपाठ तीन वेळा गेली, आणि एका रात्री जेवताना आपणहून म्हणाली, “तिचं कपाळ तुमच्यावर गेलंय.” मी ताटातून मान वर केली नाही. श्यामलाने त्यानंतर हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. तिच्या दफनविधीला तू आणि सुयश भिंतीपाशी उभे होतात. माती टाकायला तू पुढे आलीस, तेव्हा माझ्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मला इतकं गरजेचं कधी वाटलं नव्हतं. मी त्यातून नजर वर काढली नाही.

आता ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात चर्चचं अर्धं छप्पर उडालं. पुढचा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला, उपासना ओटीवर भरायची. जानेवारीत एका सकाळी दोन माणसं दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून इकडे आली. एक म्हातारे, माझ्याच वयाचे, डोक्याला पंचा बांधलेले. दुसरा तुळशीराम, त्यांच्या वाडीत झाडांवर चढणारा. म्हातारे म्हणाले की जेटीवर ऐकलं, छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही, म्हणून आलो. मला वाटलं, वादळानंतर मदत करत फिरणाऱ्या एखाद्या संस्थेचे असतील. तीन दिवस ते सकाळच्या बोटीने आले. तुळशीराम वर, आणि ते खालून त्याला कौलं देत होते. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्यांनी मला विचारलं, तुमच्यात देवाला नैवेद्य असतो का? नाही म्हणालो, तर म्हणाले, मग देव उपाशीच? मी हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो. त्यांच्या स्वतःच्या वाडीतल्या सुपारीच्या दोनशे पोफळी आडव्या झाल्या होत्या. हे ते वाटेत बस चुकली म्हणावं तितक्या सहज सांगून गेले.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी पंचा सोडून मांडीवर घेतला आणि म्हणाले, “मी हेमांगीचा सासरा. मला भाऊ म्हणतात.” मग त्यांनी येण्याचं खरं कारण सांगितलं. तू घरात सगळ्यांचं सगळं करतेस, सणवारांना हातभार लावतेस, कुणाला उलटून बोलत नाहीस. पण रविवारी सकाळी स्वयंपाकघरात एकटी असलीस की काहीतरी पुटपुटतेस, आणि कुणी आलं की थांबतेस. “ती काय म्हणते ते मला कळत नाही,” ते म्हणाले. “कळलं असतं तर सांगितलं असतं की मोठ्याने म्हण, घर तुझंच आहे. म्हटलं, तिच्या वडलांना विचारावं. आणि जमलं तर त्यांना घेऊनच जावं.”

मुली, परक्या धर्माचा एक माणूस खाडी ओलांडून, तीन दिवस उन्हात कौलं वाहून, माझ्या मुलीची प्रार्थना काय आहे हे मला विचारायला आला होता. मी त्याला काय उत्तर दिलं ते ऐक. मी म्हणालो, “तिला तिचं घर मिळालंय. इथे आता तिचं काही नाही.” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. पंचा पुन्हा डोक्याला बांधला, तुळशीरामला हाक मारली आणि चारच्या बोटीने ते गेले. आढ्यावरची दोन रांगा कौलं राहिली होती. मी ठरवून टाकलं की ती आता आपणच कुणाकडून तरी बसवून घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. मी दारात उभा होतो. माझ्या तोंडून एवढंच निघालं की तुम्ही कशाला आलात. ते म्हणाले, “काम अर्धं आहे ना.” दुपारपर्यंत आढं पुरं झालं. त्या दिवशी ते माझ्याकडे जेवले नाहीत, डबा आणला होता. जाताना चर्चच्या दारात चपला काढून आत गेले, वर छताकडे एकदा पाहिलं, कुठून उजेड येत नाही ना ते तपासलं, आणि निघाले. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, यावर मी आयुष्यात वीसेक वेळा बोललो असेन. तो पुढे करताना माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी हे घरी सांगितलं का, मला ठाऊक नाही. मला वाटतं, सांगितलं नसावं.

भाऊ गेल्याचं सप्टेंबरमध्ये तुळशीरामने फोन करून कळवलं. बाराव्या दिवशी मी दिघीला उतरलो आणि रिक्षाने दिवेआगरला आलो. हो, मी आलो होतो. तुमच्या वाडीच्या बेड्यापाशी, फाटकाशी पोचलो. अंगणात माणसं होती, तू पत्रावळी नेत होतीस, केस पुढून पांढरे झालेले. तेवढ्यात एक मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “आजोबा, कोण पाहिजे?” कपाळ खरंच माझ्यासारखं आहे. मी म्हणालो, “पत्ता चुकलो, बाळ.” तिने मला तांब्याभर पाणी दिलं, एसटीचा थांबा दाखवला आणि वळणापर्यंत सोडायला आली. शेकोटीपाशी प्रभूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या शिष्याला मी किती उपदेशांमधून नावं ठेवली आहेत. त्याला निदान जिवाची भीती होती.

गेल्या रविवारी माझ्या पाळकपणाच्या दीक्षेला पंचेचाळीस वर्षं झाली, म्हणून निकेशनी मला उपदेश करायला सांगितलं. मी व्यासपीठावर चढलो आणि हे सगळं सांगितलं. फाडलेली चार पानं, तिसरा बाक, दातांचा डॉक्टर, भाऊंची कौलं, मृणालचं पाणी. काहीच गाळलं नाही. बोलून झालं तेव्हा मला हलकं वाटलं, काही लोक डोळे पुसत होते, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. उपासनेनंतर दारात सगळे हात हातात घेऊन गेले. मार्थाबाई शेवटी आल्या. त्या दिवशी त्यांना डुलकी लागली नव्हती. त्यांनी माझा हात धरला नाही. म्हणाल्या, “पाळकसाहेब, तेव्हाही तुम्ही तिच्याशी बोलायचं ते आमच्याशी बोललात. आजही तेच केलंत. आम्हाला कशाला सांगता?” आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेल्या.

तीन दिवस मी यावर काही उत्तर शोधलं. नाही सापडलं. म्हणून आज हे तुला लिहितो आहे, जे त्या शनिवारी पिठाच्या परातीपाशी तुझ्याशी बोलायला हवं होतं. हेमांगी, मी चुकलो. तुझ्याबद्दल देवाच्या नावाने जे बोललो ते देवाचं नव्हतं, माझ्या मानाचं होतं. मला क्षमा कर. लगेच जमणार नाही, कदाचित कधीच जमणार नाही, तरी मी तुला बोल लावणार नाही. सुयशला एकदा भेटा म्हणाली होतीस. तो अजून भेटायला तयार असेल तर कळव. मी येईन, आणि या वेळी मृणालने विचारलं तर माझं नाव सांगेन.

तुझाच,
पप्पा