सिद्धारामच्या धाब्यावरचा लिंब

मांजरसुंबा
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून म्हणशील, फोन असताना ह्याला पत्र कावून सुचलं. तर तू फोनवर पुटपुटतेस. हल्ली समदेच पुटपुटतात. तुझी भावजय छबुबाई घरातल्या घरात पुटपुटते, पोस्टमन दारात उभा राहून पुटपुटतो. कागदावरचं निदान दिसतं तरी.

विषय तुझ्या लेकीचा. स्वप्नालीला माझ्या हाताखाली धाडलीस, घरचं माणूस म्हणून मी न्हाई म्हणालो न्हाई. पण ती पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं झाडं छाटत होती का झाडांची नाडी बघत होती, तेवढं कळव. परवा हायवेवर सिद्धारामच्या धाब्यावर गेलतो. त्याच्या सैपाकघराच्या पत्र्यावर कडुलिंबाचा एक जाडजूड फांदा वाकलाय, तेवढा उतरवायचा. अर्ध्या दिवसाचं काम. बाईसाहेबांनी आधी डोक्यावर टोपडं घातलं, कानाला डबडी लावली, कमरेला पट्टे आवळले, कड्या अडकवल्या आणि तासभर झाडाभोवती फेऱ्या मारल्या. ट्रकवाले ताटावरून उठून बघाया आले. मला लई शरम वाटली.

एवढं करून म्हणते काय, तर फांदा जिथून फुटलाय ते बेचकं आतून पोकळ हाय. तिथं पाय द्यायचा न्हाई. शेजारच्या सरळ खोडाला दोर बांधायचा, त्याला लोंबकळायचं आणि शेंड्याकडून तुकडा तुकडा काढायचा. म्हणजे दोन दिवस गेले! अगं, मी तिच्यादेखत कुऱ्हाडीची पाठ घेऊन खोड ठोकलं. पोकळ झाड भद्द बोलतं, भरीव झाड ठण्ण बोलतं. चाळीस वर्षं ह्याच्यावर भाकरी खातोय. हा लिंब ठण्ण बोलला. तिला म्हणालो ऐक, तर तोंड वाकडं करून उभी. वर पिशवीतून बोटभर गिरमिट काढून झाडाला भोक पाडाया निघाली. म्हणे आतून भुसा कसला येतो ते बघू. हात धरून थांबवली. चांगल्या झाडाला भोकं पाडणारी ही कसली झाडांची डॉक्टर?

रामहरी तवा संगं नव्हता, केजला करवतीला धार लावाया गेलता. असता तरी काय उजेड पाडणार होता म्हणा. तीस वर्षं माझ्यासंगं झाडावर चढतोय, पण स्वतःची अक्कल म्हणून न्हाई. दोन शब्द बोलायचे तर दर खेपेला समोर येऊन उभा राहतो, जसा काय मी तहसीलदार हाय. आन् चार-पाच वर्षांपासून नवीच खोड लागलीय. एखाद्या झाडापाशी गेलं की आज नको, वारा हाय. आज नको, अंग जड हाय. येडं कुठलं. त्याच्या किरकिरीला कंटाळून आमी काम पुढं ढकलतो, एवढंच.

मंगळवारी, अकरा तारखेला काम धरलंय. तोवर तू लेकीला बोलावून घे आणि आष्टीत कुणाच्या तरी रोपवाटिकेत कुंड्यांना पाणी घालाया लाव.

कळावे. तुझा लोभ समदा लेकीवर उधळू नको, माझ्या वाट्याचा राखून ठेव.

तुझा
बद्रीनाथ


आष्टी
७ फेब्रुवारी २०२५

चि. बद्रीनाथ यास,
केसरबाईचे अनेक आशीर्वाद. देताना हात आखडतोय, पण देते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा अंगावर काटा आला.

मी पुटपुटत नाही. छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गावर ओरडून रिटायर झाले, अजून माझा आवाज मागच्या गल्लीत जातो. छबुबाईही पुटपुटत नाही आणि तो पोस्टमन तर नाहीच नाही. बद्री, तू बहिरा झाला आहेस. दिवाळीला माझ्याकडे आलास तेव्हा कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या, डाळीचा कोळसा झाला आणि तू ओट्याला टेकून पेपर वाचत होतास. स्टँडवर एसटी तुझ्या पाठीमागे हॉर्न देत उभी होती आणि ड्रायव्हर शिव्या देत होता. मीच तुला बाहीला धरून ओढलं. तुला वाटलं, म्हातारी प्रेमाने हात धरतेय.

इतकी वर्षं ती कापायची मशीन कानाशी घेऊन भर्रर्र चालवलीस. पोरगी कानाला डबडी लावते तर तुला हसू येतं. हसून घे, हसण्याचा आवाजही आता तुझा तुला येत नसेल. आणि असला माणूस मला कळवतो की झाड ठण्ण बोललं! तुला कुणी सांगितलं ते ठण्ण बोललं म्हणून? ठोकत असशील तू चाळीस वर्षं. ऐकलंस शेवटचं कधी, ते आठव.

तुझा ताठा मी लहानपणापासून बघत आले आहे. आईने लाडावलं, नंतर बायकोने सोसलं. पण हा ताठा घेऊन कुणाला झाडावर चढवू नकोस. तिला गिरमिट मारू दे. एका भोकाने लिंब मरत नाही, माणूस पडला तर मरतो. मंगळवारच्या आत हे पत्र पोचावं म्हणून आत्ताच पोस्टात टाकायला निघाले आहे.

माया आहे म्हणून एवढं टोचून लिहिलं. ती तशीच राहील असं वाग.

तुझी
अक्का


मांजरसुंबा
१३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. काम मंगळवारीच उरकलं. फांदा उतरला. सैपाकघराचा थोडा पत्रा चेपला, तो सिद्धाराम बदलून घेईल. ऐन वेळेला वारा सुटला, त्याला कोण काय करणार? रामहरीला जरा खरचटलं. पोरीनं उगा आरडाओरड करून हायवे गोळा केला.

बहिरा हा शब्द तू सख्ख्या भावाला लिहिलास. बाहेरच्यानं वापरला असता तर त्याला दाखवलं असतं. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी तुला समोरचा माणूस चौथीतलाच दिसतो. आमच्या धंद्यातलं तुला काय कळतं? खडू आणि फळा एवढंच तुझं रान.

छबुबाईचा नमस्कार. लोभ ठेवायचा तर ठेव, मी काही मागाया येत न्हाई.

बद्रीनाथ


आष्टी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. बद्रीनाथ यास,
आशीर्वाद.

खरचटलं? गळ्यापाशी हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या आणि माणूस बीडला दवाखान्यात पडून आहे, ह्याला तुमच्या धंद्यात खरचटलं म्हणतात होय? मला स्वप्नालीने सगळं सांगितलं. वारा नव्हता. बेचकं फाटलं आणि फांदा सैपाकघरावर गेला. आत आचारी नव्हता, कारण पोरीने अर्धा तास आधी भांडून ते रिकामं करून घेतलं होतं. रामहरी जमिनीवर आला नाही, कारण पोरीने त्याला बळंच आपला पट्टा बांधला होता आणि दोर सरळ खोडाला होता. तो लोंबकळला, खोडावर आपटला आणि वाचला. ज्या पट्ट्याला तू हसलास, त्या पट्ट्याने तुला तुरुंगापासून वाचवलं.

तुझी लाज वाटते बद्री. चुकलास म्हणून नाही, मला वारा सुटल्याचं लिहिलंस म्हणून.

एकच विचारते. पोरीने तुला त्या बेचक्यात पाय द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. मग रामहरी तिथे उभा कसा राहिला? तिला ते कळत नाही, रडत असते. तिला वाटतं, आपलंच सांगण्यात काही चुकलं. ह्याचं उत्तर येईपर्यंत तुझ्या नमस्काराला माझ्याकडे जागा नाही.

केसरबाई


मांजरसुंबा
२२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
पायाशी डोकं ठेवून न. वि. वि.

तीन दिवस पेन घेऊन बसतोय. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्वप्नालीचं काही चुकलं न्हाई. तिला हे पत्र वाचून दाखव.

त्या दिवशी ती सैपाकघर रिकामं करून घेत होती. मी रामहरीला म्हणालो, बेचक्यात पाय रोव आणि बुडातूनच काप, दुपारच्या आत घरी जाऊ. तो चढेना. समोर येऊन विचारलं, ठोकून बघितलं का. म्हणालो, बघितलं. तरी उभाच. मग विचारलं, पोरीनं ऐकलं का. म्हणालो, हो, तीबी भरीव म्हणाली. अक्का, मी तिच्या नावानं खोटं बोललो. ते ऐकल्याबरोबर तो चढला. मला तवाच खटकायला पाहिजे होतं की माझ्या शब्दावर न चढणारा हा माणूस तीन महिन्यांपूर्वी कामाला आलेल्या पोरीच्या शब्दावर चढतो कसा. पण मला नुसता राग आला.

मग फांदा फाटला. तो आवाज सिद्धाराम म्हणतो पार टोलनाक्यापर्यंत गेला. मी पाठ करून दोर गुंडाळत होतो. मला कळलं ते ट्रकवाले पळताना बघून.

काल बीडला गेलतो. रामहरी खाटेवर बसवलेला, छाती आवळलेली. दुसरा कुणी असता तर मला शिव्या घातल्या असत्या. मी त्याच्यापुढं फुशारकी मारली की इतक्या वर्षांत हे पहिलंच झाड ओळखायला चुकलो. तर तो हसला. हसताना बरगड्या दुखल्या म्हणून थांबला. मग हळूहळू सांगितलं. मी ठोकायचो तवा तो पल्याडच्या बाजूनं खोडाला कान लावून उभा असायचा. भद्द आलं की म्हणायचा आज नको, वारा हाय. मी वैतागून काम पुढं ढकलायचो, मग चार दिवसांनी झाड पोकळ निघालं की गावभर सांगत फिरायचो की मी आधीच ओळखलं होतं. अशी अकरा झाडं झाली. त्याच्या ध्यानात हायेत, नावानिशी सांगितली. सिद्धारामचा लिंब त्यानं त्या दिवशी स्वतः ठोकून बघितला, पण जनरेटर चालू होता, त्याला काही ऐकू येईना. म्हणून त्यानं विचारलं, पोरीनं ऐकलं का.

आन् मी त्याला येडं म्हणत होतो. तुला पत्रात लिहून कळवलं, ते येडं म्हणून. थुंक माझ्या तोंडावर.

मी त्याला विचारलं, बाबा, इतकी वर्षं मला एकदा तरी सांगायचं की कान गेलेत म्हणून. तो म्हणाला, सांगितलं होतं, दोन खेपेला. तोंडावर सांगायची हिंमत होईना, म्हणून मोटारसायकलवर मागं बसून सांगितलं. म्हणे मी दोन्ही खेपेला मान हलवली, त्याला वाटलं मला पटलं.

लोभ असू द्यावा असं मागाया तोंड न्हाई. तरी मागतो.

बद्रीनाथ