चांदीची भुकटी अन् मादी उंदीर

मंगळवार, दिवेलागणीला

आधी शेजारची कौसा आली, पावण्यांचा वास तिलाच पहिला लागतो. मागून बीडच्या एस्टीनं माझी नात रेखा अन् तिची मैत्रीण. लई हरखले मी.

रेखा प्रयोगशाळेत उंदरांना चांदी चारती, धुळीहून बारीक भुकटी. नर-मादीला सारखीच देती, पण मादीच्या गुर्द्यात जास्त साठती म्हणाली. मी म्हणलं, कावून? "अजून न्हाई कळलं, आजी."

मी उठले अन् सुनेच्या तान्हीची चांदीची वाटी डब्यात दडवली. दोघी खदाखदा हसल्या. "अगं आजी, वाटी कुठं भुकटी हाय? खाऊ दे तिला!" ठेवली परत.

पण ती भुकटी हाताळती रेखाच, अन् ती बी बाईमाणूसच की. "हातमोजे, मास्क घालती ना," म्हणाली. मास्कातून जात नसंल कशावरून? सोड म्हणावं, तर एवढी शिकली पोर, अन् मी चौथी पास. मादीच्या गुर्द्यात जास्त, तेच डोक्यात फिरतंय. निघताना मीठ-मोहरीनं तिची दृष्ट काढली. दुसरं काय येतं मला? तिनं बी गप उभं राहून काढू दिली.

पंचमीला येतो म्हणाल्या दोघी.