आल्या वाटेनं उत्तर

प्रिय ठकूबाई,

अक्षर पाहून दचकू नकोस. सांगतेय मी, लिहितंय दुसरंच कुणी. कोण ते शेवटी सांगते, नाहीतर तुझं सगळं लक्ष तिकडेच जाईल.

मागच्या सुट्टीत तू तुझं काम समजावलंस. हजारो कॉम्प्युटर, पण मुख्य असा कुणीच नाही. एकाला काही हवं असलं की तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. सात दारं फिरून उत्तर मिळालं नाही तर प्रश्न तिथंच मरतो. मिळालं तर आल्या वाटेनंच परत येतं, आणि पुढच्या वेळी आधी कुणाला विचारायचं ते वाटेतला प्रत्येक जण लक्षात ठेवतो. अगं, याचा तुला पगार देतात? चाळीस वर्षं जिन्यात बसून मी दुसरं काय केलं? जादा खाट कुणाकडे, लचकलेला पाय कुणाच्या हातानं बसतो, सगळी इमारत मलाच विचारायची.

तूही मलाच विचारायचीस. आता तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला विचारतेस. तिला फोनवर टाइप करता येतं ना! बाळाच्या टोपीचं माप विचारलंस, ते सोडून दिलं. पण आजी कशी आहे, हेही तिलाच? मी इथं जिवंत बसलेय आणि माझी खबर खालच्या मजल्यावरून जाते! वर चष्मा कपाळावर चढवून ती मला तुझे निरोप वाचून दाखवते. नुसता जळफळाट होतो.

तर ऐक. तीन आठवड्यांपूर्वी ती विचारत आली, तुला बाळ सांभाळायला भरवशाची बाई हवीय, माझ्या माहितीत कुणी आहे का. होती. नाव ओठांवर आलं होतं. पण प्रश्न तिच्या तोंडून आला, म्हणून मी कुणी नाही म्हटलं. प्रश्न दुसऱ्याच दारात मेला, ठकू, आणि मारला मी. सोमवारी तुझी रजा संपतेय आणि तू नोकरी सोडायला निघालीस, हे काल कळलं. तेही तिच्याकडूनच. तर, आपल्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आता तुझ्याच गावात असतात. पोस्टामागची गल्ली, दाराशी दोन वेताच्या खुर्च्या. तुलाही त्यांनीच सांभाळलंय. आजच जा, माझं नाव सांग. उत्तर आल्या वाटेनंच जायला हवं, म्हणून हे शिंपीणबाईकडूनच लिहून घेतेय. फोटो काढून तीच धाडेल. 'मारला मी' लिहिताना तिचं पेन थांबलं. मग तिनं चष्मा नाकावर घेतला. मध्ये तिनं स्वतःचं काही घुसडलं असेल तर मला कळायचं नाही, तू मनावर घेऊ नकोस. यापुढे तिला काय हवं ते खुशाल विचार. आजी कशी आहे, एवढं मात्र मला.

तुझीच,
पहिल्या मजल्यावरची आजी