रूथचा आवाज

३ फेब्रु.
रूथ परत आली! स्टुडिओतून नितीनदादाचा फोन, हेरमालिकेचा दुसरा सीझन डबिंगला आलाय. आई म्हणाली, "म्हणजे आता घरातपण तिच्यासारखंच बोलशील."
बोलणारच. माझा जीव आहे तिच्यावर. बाकी सगळे हवेत उडतात, भिंती फोडतात. ही पन्नाशीची बाई, हेरखात्याची प्रमुख, अंगात कसलीच शक्ती नाही, नुसत्या आवाजावर खातं चालवते. पहिल्या सीझनला एकदा "बसा" म्हणाली आणि उडणारेसुद्धा बसले. मराठीतला तो "बसा" माझा. लिहून ठेवते, अभिमान आहे.

७ फेब्रु.
कथा फुटू नये म्हणून चित्र काळं करून पाठवतात. रूथ बोलते तेवढ्यापुरते तिचे ओठ दिसतात. मागेपुढे काय, पत्ता नाही. डबिंगचा दिग्दर्शक असून नितीनदादाही अंधारातच. आज दिवसभर "निघा", "मागे व्हा", "वेळ नाही". एवढंच? लेखक बदलले की काय. त्यात घोडबंदरहून बस मिळेना. डोकं तापलं.

१० फेब्रु.
शेवटी एक सीन मिळाला, कागदावर वर्णनासकट. शिकाऊ हेर पोरगी जखमी होऊन खाटेवर, रूथ उशाशी. "घाबरू नकोस. मी आहे ना." पहिलाच टेक ओके.  काचेपलीकडून दादा म्हणाला, "चहा सांगतो." त्याची शाबासकी अशीच. इतकी वर्षं या धंद्यात, पण अजून ऐकताना डोळे मिटतो. मोठा माणूस.

१९ फेब्रु.
रूथ फितूर निघाली. आजच्या संवादांवरून कळलं, शेवटच्या भागात शत्रूला दार तीच उघडून देते. का? "मला पर्याय नव्हता." संपलं. लेखकांना काही सुचलं नाही म्हणून बाईचा बळी. म्हणजे खाटेजवळचं ते सगळं नाटक? आणि मी तिथे जीव ओतून…
आईला सांगून टाकलं. ती म्हणे, "गुप्त ठेवायचंय ना ते?"

२४ फेब्रु.
क्लायंटचा निरोप: खाटेजवळचा सीन परत करा, आवाजात खोटेपणा कळू दे. यावेळी चित्र पूर्ण पाठवलं. त्या सीनमधला नटीचा चेहरा पहिल्यांदा बघितला. काय बाई आहे! पोरीचे केस कपाळावरून मागे सारते, डोळे भरलेत. फितुरीचं तिलाही सांगितलं नसणार. किंवा सांगितलं असेल, हिने मनावर घेतलं नसेल.
"दादा, ही खोटं बोलत नाहीये."
"सुरेखा, दोन वाक्यं आहेत. थंड बोल आणि मोकळी हो."
माइकसमोर उभी राहिले. नाही बोलले तसं. फितूर असली तरी, समोरच्याला कळेल असं खोटं बोलायला रूथ काय नवशिकी आहे? दादाला हेच म्हटलं. त्याने हेडफोन काढून ठेवले. मग, "मी पहिलाच टेक पाठवतो. पण ते दुसरा आवाज शोधतील हां. मग माझ्या हातात काही नाही."

२७ फेब्रु.
निरोप नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या जिग्नाबेन: "वो कड़क मॅडमवाला कब आ रहा है?" म्हटलं, "आएगा."

१ मार्च
डबिंगवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज: 'स्त्री, ४५-५५, करारी आवाज हवाय. पुढची ओळ बोलून पाठवा.' ओळ: "घाबरू नकोस. मी आहे ना." रूथचं नाव नाही. गरजही नाही. दुपारपर्यंत ओळखीच्या बायकांचे आवाज येऊ लागले. चांगल्या बोलल्यात, खोटं कशाला सांगू. दादाला फोन नाही केला. त्याने त्याच्या परीने केलं.

२ मार्च
शेजारी फरशा फोडतायत. म्हणून कपाटात शिरले, साड्यांच्या मध्ये, दार ओढून. तिथे आवाज घुमत नाही.
आई बाहेरून, "काय गं, आत काय करतेस?"
"ऑडिशन देतेय."
"कोणाची?"
"रूथची."
"रूथ तर तूच ना?"
डोळे मिटले आणि एकदाच बोलले, पहिल्या वेळी बोलले होते तसंच. थंड नाही. दार उघडलं तर आई तिथेच उभी, दाराच्या फटीत कोंबायला आणलेला ओढणीचा बोळा हातात.
"मला म्हणालीस का ते?"
"हो," म्हटलं.
मग ग्रुपवर टाकलं, नावासकट. निळ्या खुणा आल्या, सगळ्यांनी ऐकलंय. दादानेही.