एका मागाला एक चरखा

१२ मार्च १९७१
संपले पेपर! त्रेचाळिसाव्या वर्षी बी.ए.चे पेपर — शाळेत मी शिकवते त्या वर्गातल्या पोरींना कळलं तर तोंडाला पदर लावून हसतील. शेवटचे चार दिवस मी झोपलेच नाही. शेजारच्या वर्गावरच्या यमुताईंनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी वजन उतरवायला आणल्या होत्या. भूक मरते म्हणाल्या, आणि झोपही. महाल भागातल्या एका दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. मी शिशीभर आणून ठेवल्या. अर्ध्याहून जास्त उरल्या आहेत.

१९ मार्च
गोपिकाचं लग्न ठरलं. सोळा मे. माझी भाची — माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. बळीराम म्हणाला, पोरीचं लुगडं बाजारातून येणार नाही, बाप विणेल. आमच्या बौद्धांत नवरी पांढऱ्यात उभी राहते. पांढरं विणणं सगळ्यांत अवघड. एक गाठ, एक डाग लपत नाही.
पण माग एकच, आणि त्याच्यावर आधी व्यापाऱ्याची बारा लुगडी उतरायची आहेत.
"दिवस कमी पडून राहिले, बाई," म्हणाला. मी मोठी बहीण, म्हणून लहानपणापासून 'बाई'. त्याचे डोळे पाहवले नाहीत.
शिशी आणून दिली. अर्धी अर्धी घे म्हटलं.

२ एप्रिल
घरात किती दिवसांनी हसणं ऐकू आलं! बळीराम पहाटे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो उठतच नाही. सात लुगडी झाली. काठ असे, की जणू पट्टी लावून ओढलेत. त्याची बायको तुळसा शेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरते. ताण्यातून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की दुसरी त्याच्या हातात तयार. आई म्हणायची, एका मागाला एक चरखा. चरख्यावरची बाई थांबली की माग थांबतो.
समोरचा धोंडबा, तोही विणकरच, दारात उभा राहून बघत होता. "काहून गा, भूत लागलं का तुले?"
बळीराम हसला. खिशातून गोळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली.
मी पाहिलं. वह्या तपासत राहिले.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक गल्लीतून गेली. बळीराम उठला नाही! दीक्षेच्या दिवशी त्या गर्दीत माझा हात घट्ट धरून रडणारा हाच. आज बाहेर लेझीम, आत खटखट.
मिरवणुकीतही माणसं कमी होती. पाच घरांतले माग चालू होते. महालातून आता जो तो गोळ्या आणतो; गल्लीत त्यांना 'जागती गोळी' म्हणतात. माझ्या वर्गात याच गल्लीतल्या दोन मुली पेंगतात. विचारलं तर म्हणतात, घरी कोणीच झोपत नाही, बाई.

२४ एप्रिल
व्यापाऱ्याची बारा उतरली, लग्नाच्या लुगड्याचा पांढरा ताणा मागावर चढला. बळीरामचे गाल आत गेलेत. दात खातो — जेवत मात्र नाही. तुळसाही ताट तसंच सारते. नवरा जेवत नाही म्हणून असेल.

३ मे
आज भर दुपारी माग थांबला. जाऊन पाहते तर बळीराम विणलेलं उसवत होता. एकेक धागा उचलायचा, उजेडात धरायचा.
म्हणाला, सुतात किडे आहेत.
मी सूत हातावर घेऊन दाखवलं. स्वच्छ, धुतलेलं.
"तुले दिसत नाही काय? वळवळून राहिले ना!" मग स्वतःच्या दंडाकडे बघायला लागला. "हे पाह्य, आत गेले."
खाजवून खाजवून रक्त. पांढऱ्यावर तीन थेंब. गोपिका लिंबू लावून घासत बसली. अंधार पडेपर्यंत घासत राहिली.

४ मे
शिशी मीच दिली, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

८ मे
त्यानं धागे कापायच्या पात्यानं दंड चिरला. किडे काढायला. मी आणि धोंडबानं सायकल-रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटभर धोंडबा स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसला होता.
डॉक्टरांनी शिशीवरचं नाव वाचलं. मेथॲम्फेटामिन. जखम भरेल, डोकं ताळ्यावर यायला वेळ लागेल म्हणाले. पहिल्यांदा कुणी दिली, विचारलं.
मी म्हटलं, दुकानातून आणली असेल.
घरात आणखी कोणी घेतं?
नाही म्हटलं. हे तरी खोटं नव्हतं.

१० मे
बुद्धपौर्णिमा. मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, पण तोंडातून वंदना निघेना. तुळसाजवळ जाऊन बसले. ती चरखा फिरवत होती. उरलेला हातभर पदर धोंडबा विणून देणार आहे, त्याच्यासाठी कांड्या भरत असेल. सगळं सांगून टाकलं — यमुताई, महालातलं दुकान, शिशी.
तिनं मान वर केली नाही. "माहीत हाय मले. शिशी तुमच्याच कपाटातली होती."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हात थांबेना तिचा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी.

११ मे
धोंडबा सकाळीच आला. माझ्या हातून होत नाही म्हणाला, बोटं ऐकत नाहीत. कालपासून त्यानं गोळी सोडली आहे. लुगडं अर्धवटच मागावरून उतरवलं. गोपिका म्हणते, आत्या, तुझं पांढरं नेसेन.

१२ मे
बळीराम दवाखान्यात झोपला आहे. पाचवा दिवस. माग रिकामा.
दवाखान्यातून घरी आले तर गोपिका दारात. "आत्या, आईच्या चरख्यावर सूत नाही."
आत गेले. चरखा फिरत होता. तुळसाच्या पदराला गाठ. सोडली — आत तीन अर्ध्या गोळ्या. दीड महिना तो झोपला नाही, तर त्याच्या कांड्या कोण भरत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.
थांब वं, म्हटलं. हात धरला तिचा.
"मी थांबली तं माग थांबते ना, बाई."